बिनडागाचं तेल

"तेलात खोट होती का, बुवा?"

तुळाजीनं अंगणात पाऊल टाकता टाकताच विचारलं. राम राम नाही, पाया पडणं नाही. दोन वर्षांनी तो या मठात येत होता.

मोतगीर बुवा भट्टीपुढं उकिडवे बसले होते. तांब्याच्या डेगेत नीलगिरीचा पाला दाबून भरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बस आधी. उन्हातनं आलायस."

"बसायला नाही आलो. एवढंच सांगा. खोट होती का?"

बुवांनी आणखी दोन मुठी पाला आत दाबला. झाकण बसवलं. वाफ निसटू नये म्हणून कडेनं ओली कणीक लिंपली, अंगठ्यानं नीट दाबत दाबत. खाली जाळ लावला. मग हात धोतराला पुसून पुढं केला.

तुळाजीनं खिशातली बाटली त्या हातावर ठेवली.

बुवांनी बूच काढलं. वास घेतला. डोळे मिटले.

"नाही," ते म्हणाले. "खोट नाही. असं तेल माझ्या हातून कधी उतरलं नाही."

दोन वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकायला मिळालं असतं, तर तुळाजी गावभर नाचला असता. आज तो मटकन खाली बसला.

"मग ते तेलानंच गेलं," तो म्हणाला.

"कोण?"

"हौसाचं पोर. माझ्या बहिणीचं. दीड महिन्याचं होतं, बुवा."

बुवांनी बाटलीला बूच लावलं. फार सावकाश लावलं.

हा मठ कड्याच्या पायथ्याशी होता. मठ म्हणजे काय, तर दोन खोल्या, जुन्या गुरूंची समाधी आणि पुढं भट्टी. मागं सरकारनं कधीकाळी लावलेलं नीलगिरीचं रान. बारा महिने हिरवं. बाकीची झाडं उन्हाळ्यात खराट्यासारखी व्हायची, पण ही उभीच्या उभी ताजी. अंगावरची साल तेवढी सोलून खाली टाकायची.

त्या रानाचा पाला गोळा करायचा, दोन दिवस सावलीत मलूल करायचा आणि डेगेत उकळायचा. वाफ नळीतून जाते, नळी गार पाण्याच्या टाकीतून जाते, आणि पलीकडं थेंब थेंब उतरतं. पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं. गोणीभर पाला आणि एक बाटली तेल.

तुळाजी बारा वर्षं इथं होता. पाला कोणत्या झाडाचा घ्यायचा, जाळ केव्हा ओढायचा, सगळं तो इथंच शिकला. शिकला म्हणजे बघत गेला. मठाची रीतच तशी होती. मोतगीर बुवांच्या गुरूंनी त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांच्या गुरूंनी त्यांना नव्हतं. सांगितलेलं कानात राहतं आणि बघितलेलं हातात उतरतं, असं त्या घराण्यात मानत.

आणि तुळाजीनं बघितलं ते असं.

बुवा शुद्ध तेल कुणालाच देत नसत. गुडघे धरलेली म्हातारी आली की तिच्या बाटलीत तिळाचं तेल बोटभर, आणि वर नीलगिरीचे चार थेंब. गवंडी आला पाठ दुखते म्हणून, त्याला थोडे जास्त. बैलाच्या सुजलेल्या खांद्याला त्याहून जास्त. पण तीळ प्रत्येकात.

आणि एकदा एक बाई आली. कडेवर तान्ही पोरगी, नाक गच्च, छातीत घरघर. बुवांनी तिला बाटली भरून दिली. तुळाजी शेजारीच होता. त्या बाटलीत नीलगिरीचा एक थेंबसुद्धा नव्हता. निव्वळ तिळाचं तेल, कोमट केलेलं. बाई पाया पडून गेली.

"बुवा, ही फसवणूक झाली," तुळाजी म्हणाला होता. "ती नीलगिरी मागायला आली होती."

बुवा हसले होते. "तिला तेल हवं होतं. तेल दिलं."

बस. एवढंच.

तुळाजी रात्रभर तळमळला आणि सकाळी वळकटी बांधली. वाघदऱ्याला जाऊन त्यानं स्वतःची भट्टी घातली. लोकांना खरं तेल देईन, म्हणाला. आणि दिलं. त्यात कुणी नाव ठेवावं असं काही नव्हतं.

मग तो बाजाराचा दिवस. सोमवारचा भरगच्च बाजार. तुळाजीनं वर्तमानपत्राचा एक कागद मांडला, त्यावर एका बाजूला आपल्या तेलाचा थेंब टाकला, दुसऱ्या बाजूला मठाच्या तेलाचा. कागद उन्हात धरला. लोक वाकून बघायला लागले. तुळाजीचा थेंब हळूहळू आटत गेला आणि उडून गेला. कागद कोरा. मठाचा थेंब मात्र तसाच. चकचकीत, तेलकट, आरपार दिसणारा डाग.

"बुवा," पानवाला ओरडला होता, "तुमच्या तेलात भजी तळा, भजी! ती बरी होतील!"

सगळा बाजार हसला. बुवाही तिथंच होते, झोळी घेऊन उभे. तेही हसले. पुढं झाले, तुळाजीकडून एक बाटली विकत घेतली आणि काही न बोलता निघून गेले.

तुळाजीला वाटलं, आपण जिंकलो.

"कसं झालं?" बुवांनी आत्ता विचारलं.

"सर्दी झाली होती त्याला. पितानाच दमायचं. हौसानं निरोप धाडला, दादा तुझं ते तेल घेऊन ये. मी गेलो."

"हं."

"मी म्हटलं, हौसे, घाबरू नको. साऱ्या तालुक्यात असं तेल नाही. माझ्या भाच्याला मी शुद्धच लावणार."

"कुठं लावलंस?"

तुळाजीनं उजव्या हाताचं बोट वर केलं. त्यानं ते स्वतःच्या नाकाखाली नेलं, एका नाकपुडीशी, मग दुसऱ्या.

बुवांनी तोंड फिरवलं.

"एकदम आ केला त्यानं. रडायला आ करतात तसा. पण रडणंच येईना... बाहेर काही येईना, आत काही जाईना. ओठ जांभळे झाले. हौसा म्हणते, दादा, बघ की रे काय होतंय. मी म्हटलं, थांब, मोकळं होतंय. मोकळं होतंय म्हटलं, बुवा!"

भट्टीत लाकूड तडकलं.

"जीप मिळाली. दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरनं विचारलं, काही दिलं होतं का, काही लावलं होतं का?"

"मग?"

"नाही म्हणालो."

"हौसा?"

"ती बाकावर बसली होती. तिला ऐकू गेलं नाही. डॉक्टर म्हणाला, कफानं गुदमरलं. तिनं तेच धरलं मनात." तुळाजीनं सदऱ्याच्या आतून काहीतरी काढलं. एक टोपरं होतं. पिवळं, बांधायला बंद लावलेलं, तळहाताएवढं. "महिना झाला त्याला. काल हौसानं हे माझ्या हातात दिलं. त्या दिवशी माझ्या बोटाचं तेल पुसलं गेलं होतं ना ह्याला, तो वास रोज घ्यायची म्हणे. आता वास गेला. डागही नाही. काहीच राहिलं नाही. म्हणते, दादा, तुझ्या तेलाचे दोन थेंब ह्याच्यावर टाकून आण. शेवटी शेवटी तुझ्या तेलानं त्याला जरा बरं वाटलं होतं."

त्यानं टोपरं मांडीवर ठेवलं.

"सांगू का तिला, बुवा?" मग तो म्हणाला. "सांगितलं तर तिला भाऊ उरत नाही. आईबाप नाहीत, नवरा सहा-सहा महिने ट्रकवर. मी एकटाच आहे तिला. आणि नाही सांगितलं तर हे दोन थेंब टाकायला लागतात. दर महिन्याला टाकायला लागतील. काय करू?"

बुवा जाळाकडं बघत होते.

"सांगा ना."

बुवांनी एक लाकूड जाळात पुढं सारलं.

तुळाजी उठून उभा राहिला. बारा वर्षांत त्यानं या माणसापुढं आवाज चढवला नव्हता.

"आताही गप्प? तुम्हाला माहीत होतं! ती पोरगीवाली बाई आली, तेव्हा माहीत होतं. म्हणून दिलंत ना निव्वळ तिळाचं? बाजारात मी कागद नाचवत होतो, तेव्हाही माहीत होतं. वर हसलात! तिथंच माझ्या थोबाडीत मारायची होती. म्हणायचं होतं, गाढवा, हे तान्ह्याला लावू नको! चार शब्द, बुवा. तुमच्या समाधीला काय तडा गेला असता?"

बुवा उठले.

आता भट्टीचा एक नियम होता, आणि तो मात्र तुळाजीनं हजारदा बघितला होता. डेगेखाली जाळ असताना बुवा जागचे हलत नसत. एकदा मठाच्या ओसरीत नाग निघाला तरी हलले नव्हते. आज त्यांनी जळती लाकडं हातानंच बाहेर ओढली. घागर उचलली आणि पाणी ओतलं. मोठा फुस्कारा झाला. राख उडाली. डेगेची कणीक फुटून कडेनं वाफ निघायला लागली आणि सगळ्या अंगणात तो तिखट, गार वास पसरला. दोन दिवसांचा पाला वाया.

"चल," बुवा म्हणाले.

"कुठं?"

"हौसाकडं."

हौसाचं गाव पिंपळोशी तिथून दीड कोस. माळावरची वाट. बुवा पुढं, तुळाजी मागं. पहिला चढ लागला.

मग बुवा बोलायला लागले.

"वाफ घ्यायची तर पाणी चुलीवरून उतरवून मग थेंब टाकायचा. चुलीवर टाकलं तर भडका होतो. आणि डोळे मिटायचे. हे सांगावं लागतं लोकांना, उघडे ठेवतात आणि मग आग होते म्हणून बोंबलतात."

तुळाजीला वाटलं, म्हातारा स्वतःशी बोलतोय.

"जळू चिकटली तर ओढायची नाही. एक थेंब लावायचा, आपोआप सुटते. जनावराची जखम उघडी असेल तर आत घालायचं नाही, कडेकडेनं. खोबरेलात घातलं तर चालतं, तीळच पाहिजे असं नाही. तीळ आपला माझ्या गुरूंकडं होता म्हणून."

"बुवा..."

"पोटात कधी द्यायचं नाही. काही शहाणे साखरेवर घेतात. चमचाभरानं धट्टाकट्टा माणूस आडवा होतो. दमेकऱ्याला आधी लांबून वास द्यायचा, त्याला सोसतंय का बघायचं. काहींना सोसत नाही. कातडी नाजूक असेल तर कोपराच्या आत लावून एक दिवस थांबायचं. डांबराचा डाग निघतो त्यानं, वंगणाचा निघतो. बाटली उन्हात ठेवायची नाही..."

बुवा थांबत नव्हते. त्यांना धाप लागली होती, चढावर पाय घसरत होते, तरी बोलतच होते. बारा वर्षांत जेवढे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते, तेवढे त्या एका माळावर निघाले. शेळ्या राखणारी एक बाई वाटेत उभी राहून बघायला लागली. "काय बुवा, कुणावर चिडलाय?" तिनं हसून विचारलं. बुवांना ती दिसलीही नाही.

"बस करा, बुवा," तुळाजी म्हणाला. "आता कशाला सांगता? आता काय उपयोग?"

"आणि तान्ह्याला नाही," बुवा म्हणाले.

तुळाजीनं कानांवर हात ठेवले.

बुवा वळले. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरून खाली केले. दमलेल्या माणसाच्या मानानं पकड घट्ट होती.

"तान्ह्याला नाही. नाकाला तर नाहीच नाही. श्वास कसा घ्यायचा ते त्याला नुकतंच कुठं जमायला लागलेलं असतं. या वासानं त्याचा गळा आतून मिटतो. म्हणून मी निव्वळ तीळ द्यायचो. आई छातीला चोळते, चोळण्यानं ऊब येते. तेवढं पुरतं बहुतेकांना."

तुळाजी त्यांच्याकडं बघत राहिला.

"तू विचारलं होतंस," बुवा म्हणाले.

"कधी?"

"त्या बाईच्या वेळी. फसवणूक झाली म्हणालास. म्हणजे विचारलंसच. मी काय म्हणालो तुला?"

"तिला तेल हवं होतं, तेल दिलं."

"हां." बुवांनी त्याचे हात सोडले. "दिवसभर बरं वाटलं होतं मला ते बोलून."

पुढची वाट दोघं शेजारी शेजारी चालले.

हौसा अंगणात वाल निवडत होती. अंगावर अजून बाळंतिणीचं सुटलेपण होतं, डोळे तेवढे खोल गेले होते. दोघांना बघून ती सूप बाजूला ठेवून उठली.

"अगंबाई, बुवा तुम्ही? पायी आलात या उन्हाचं? दादा, तुला काही कळतं का रे, म्हाताऱ्या माणसाला चालवत आणलंस! थांबा, पाणी देते. आत या की. चहा टाकते, गुळाचा चालंल ना?"

"चालंल, बाई," बुवा म्हणाले. पण ते आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

हौसानं चुलीवर भांडं ठेवलं. पदराला हात पुसत तुळाजीपुढं आली. हात पुढं केला.

त्यानं टोपरं दिलं.

तिनं ते दोन्ही हातांनी नाकाशी नेलं. थांबली. परत नेलं.

"टाकलं नाहीस?"

"नाही."

"का रे? इसरलास? एवढा लांब जाऊन इसरलास?"

"हौसे, बस जरा."

"का?"

"बस."

ती बसली नाही. तुळाजीच बसला, तिच्या पायांशी, जमिनीवर. आणि तिथं बसून त्यानं सांगितलं. फार बोलावं लागलं नाही. तेल, बोट, नाक. डॉक्टरनं काय विचारलं आणि आपण काय सांगितलं. सांगताना तो एकदाही वर बघत नव्हता.

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं. कुणी उठलं नाही.

"पण ते चांगलं होतं," हौसा म्हणाली. "तूच म्हणालास, साऱ्या तालुक्यात असं नाही."

"होय."

"मग?"

"म्हणूनच, हौसे."

ती त्याच्याकडं बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. तिचं तोंड तेवढं हळूहळू उघडलं आणि तसंच राहिलं... काही बाहेर येईना, काही आत जाईना. तुळाजीनं वर बघितलं मात्र, आणि दोन्ही हातांनी तिचे पाय धरले.

"हौसे! हौसे, श्वास घे!"

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिच्या छातीतून एक आवाज निघाला, कोरडा, लाकूड चिरफाळावं तसा. ती भिंतीला टेकली. पाय त्याच्या हातांतून काढून घेतले.

"त्या एवढ्याशा जिवाच्या नाकाला..." ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. खरंच विचारत होती ती. "असं लावायचं, हे तुला कुणी शिकवलं, दादा?"

तुळाजीनं तोंड उघडलं. कुणीच शिकवलं नव्हतं.

"मी, बाई," उंबऱ्याबाहेरून मोतगीर बुवा म्हणाले.